अर्ध्या दिवसाची विद्यार्थिनी

स्कॉटलंडमध्ये नोटा काढण्याचा हक्क एकट्या सरकारी बँकेकडे नाही. तिथल्या काही जुन्या बँका आपापल्या नोटा छापतात आणि त्या बाजारात बिनबोभाट चालतात. १९९७ साली त्यांपैकी क्लाइड्सडेल बँकेने दहा पौंडांची नवी नोट काढली. आधीच्या नोटेवर आफ्रिका धुंडाळणारे डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन होते. नव्या नोटेवर त्यांच्या जागी आली कापडगिरणीतली एक विणकर मुलगी. तिचे नाव मेरी स्लेसर.

मेरी स्लेसरचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. मिशनच्या शाळांत शिकलेल्या काहींनी लहानपणी तिची गोष्ट ऐकली असेल. ती गोष्ट साधारण एकाच साच्यात सांगितली जाते. काळ्या अरण्यात शिरलेली गोरी, धीट बाई, रानटी टोळ्या, जुळ्या बाळांची सुटका आणि शेवटी ईश्वराचा जयजयकार. मला ती गोष्ट त्या साच्यात कधीच पटली नाही. दादरला जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिच्या मृत्यूनंतर लगेच निघालेले तिचे चरित्र मला मिळाले. तेव्हा मी एका रात्रशाळेत शिकवत होतो. माझ्यासमोर बसणारी मुले दिवसभर कुठेतरी राबून आलेली असत. फळा दिसतो की नाही याआधी, डोळे उघडे राहतात की नाही, हा त्यांचा प्रश्न असे. त्या पुस्तकाची पहिली वीसएक पाने वाचली आणि माझे लक्ष आफ्रिकेवरून उडून डंडी नावाच्या गावाकडे गेले. ही बाई मला जंगलात भेटली नाही. ती मला गिरणीत भेटली.

मेरीचा जन्म २ डिसेंबर १८४८ चा, ॲबरडीन शहरातला. बाप चांभारकाम करणारा, हाताने कसबी, पण दारूच्या आहारी गेलेला. आई शांत, देवभोळी आणि विणकामात तरबेज. बापाचे काम दारूपायी सुटले तेव्हा, १८५९ मध्ये, कुटुंब डंडीला आले. डंडी म्हणजे तागाच्या आणि लिननच्या गिरण्यांचे गाव. बंगालच्या शेतकऱ्याने कापलेला ताग जहाजात भरून याच गावी जायचा आणि त्याची पोती होऊन जगभर पसरायची. म्हणजे ज्या गिरण्यांच्या धुरात ही मुलगी वाढली त्यांतल्या कितीएकींच्या भट्ट्या आपल्याच मातीतल्या मालावर पेटत होत्या.

मेरी ज्या कारखान्यात लागली तो बॅक्स्टर ब्रदर्सचा, लिननचा. वय वर्षे अकरा. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने लहान मुलांना हाफ-टायमर म्हणून घेता येई. म्हणजे अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. कागदावर वाचायला व्यवस्था मोठी दयाळू वाटते. प्रत्यक्षात पहाटेच्या भोंग्याला उठलेले पोर दुपारी बाकावर बसून काय शिकत असेल, हे रात्रशाळेत शिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्याकडेही पुढे हीच तऱ्हा आली. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी झाली, १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा नऊ वर्षांवर नेली आणि मुंबईच्या गिरण्यांत अर्ध्या वेळाची पोरे दिसू लागली. सात वर्षांच्या मुलाला कामावर घेऊ नका, असे सांगण्यासाठी कायदा करावा लागतो, यातच त्या काळाचे सगळे वर्णन आले.

चौदाव्या वर्षी मेरी पूर्ण वेळ मागावर गेली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. शनिवारी पगार व्हायचा आणि शनिवारची रात्रच घरात सगळ्यात वाईट असायची. बाप पिऊन यायचा. आईने आणि मेरीने स्वतः उपाशी राहून त्याच्यासाठी ठेवलेले जेवण तो विस्तवात फेकून द्यायचा. कधी मेरीलाच घराबाहेर काढायचा. घरातली वस्तू पदराआड लपवून गहाणवटीच्या दुकानात नेण्याचे काम तिच्याकडेच असे. आपल्या नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून आई हे सगळे शेजाऱ्यांपासून लपवायची आणि मुलगीही लपवायला शिकली. पुढे बाप गेला, भाऊ गेले, आणि आई व बहिणींचा संसार मुख्यतः मेरीच्या मजुरीवर उभा राहिला. मागाच्या कडेला पुस्तक उघडे ठेवून, धोटा जाऊन येईपर्यंत दोन ओळी वाचायच्या, असे तिचे उरलेले शिक्षण झाले. अर्ध्या दिवसाची शाळा तिने अशी पुरी केली.

रविवारी आणि रिकाम्या संध्याकाळी ती वस्तीतल्या मुलांचा वर्ग चालवी. मुले म्हणजे गल्लीतली टोळकीच. त्यातल्या एका टोळीला हा वर्ग मोडायचा होता. टोळीच्या म्होरक्याने दोरीला शिशाचे वजन बांधले आणि ते गरगर फिरवीत तिच्या तोंडाजवळ, आणखी जवळ आणू लागला. वजन कपाळाला घासून जाऊ लागले तरी ही पापणी न हलवता उभी. शेवटी पोराने वजन टाकून दिले आणि सगळी टोळी मुकाट्याने वर्गात येऊन बसली. पुढे आफ्रिकेतल्या तिच्या मातीच्या घरात भिंतीवर एका कुटुंबाचा फोटो लटकत असे. बायकामुलांसह उभा असलेला तो गृहस्थ म्हणजे हाच शिशेवाला पोरगा. शिक्षकाच्या आयुष्यातली यापेक्षा मोठी कमाई मला माहीत नाही.

लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची बातमी १८७४ साली ब्रिटनमध्ये पोचली आणि घरोघर आफ्रिकेचे बोलणे सुरू झाले. मेरीच्या घरात ते आधीपासूनच होते. कॅलाबारच्या मिशनच्या हकिकती आई मुलांना वाचून दाखवी आणि आपल्या एका मुलाने तिकडे जावे अशी तिची इच्छा होती. तो मुलगा राहिला नाही. त्याची जागा मुलीने घेतली. ५ ऑगस्ट १८७६ रोजी लिव्हरपूलहून इथिओपिया नावाच्या बोटीने ती निघाली. वय सत्तावीस, वर्षाचा पगार साठ पौंड. त्याच बोटीवर आफ्रिकेसाठी दारूची पिंपे चढत होती. दारूने ज्या मुलीचे बालपण खाल्ले होते तिने ती एक एक करून पाहिली असतील.

कॅलाबार म्हणजे आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यातले, नदीकाठचे बंदर. एके काळी गुलामांच्या व्यापाराचा मोठा अड्डा, पुढे पामतेलाचा. इथले मिशन १८४६ साली होप वॉडेल नावाच्या पाद्र्याने काढले. तो थेट स्कॉटलंडहून आला नव्हता, जमैकाहून आला होता, आणि त्याच्याबरोबर जमैकातली काळी माणसेही होती. ज्यांचे पूर्वज याच किनाऱ्यावरून साखळदंडात नेले गेले, तीच माणसे पाटी-पुस्तक घेऊन परत आली होती. इफिक भाषेत संपूर्ण बायबल १८६८ साली तयार झाले. मेरी पोचली तेव्हा शाळा होत्या, पुस्तके होती, गोऱ्या बायकांचे नीटनेटके बंगले होते आणि बंगल्यातले कडक वेळापत्रकही होते. ते तिला मानवले नाही. ती झाडावर चढायची, जेवायला उशिरा यायची, आणि बाजारातल्या बायकांत बसून भाषा उचलायची. थोड्याच वर्षांत तिची इफिक अशी झाली की तिथल्या लोकांनीच दाद द्यावी.

पहिल्या सुट्टीनंतर १८८० मध्ये तिला ओल्ड टाऊन या वस्तीचे काम स्वतंत्रपणे मिळाले. इथे ती स्थानिक अन्नच खाऊ लागली. याला मोठेपणाने त्याग म्हणतात. खरी गोष्ट साधी होती, पगारातला मोठा वाटा डंडीला आईकडे जायचा आणि आयात डबे परवडत नव्हते. अनवाणी चालणे, उन्हात टोपी न घालणे, पाणी न उकळता पिणे या तिच्या सवयी तेव्हाच्या गोऱ्यांना वेडेपणा वाटत. वेडेपणा होताही थोडा. ताप तिच्या अंगातून पुढे कधी गेलाच नाही.

जुळ्या बाळांची गोष्ट टाळून तिचे चरित्र सांगता येत नाही. त्या मुलखात जुळे होणे अशुभ मानीत. दोघांपैकी एक बाप दुष्ट आत्मा आहे, पण कोणते मूल त्याचे हे कळायला मार्ग नाही, म्हणून दोन्ही बाळांना मडक्यात घालून रानात टाकीत आणि आईला गावाबाहेर काढीत. ब्रिटिश वकिलाने १८७८ मध्ये कॅलाबारच्या प्रमुखांशी करार करून ही प्रथा बंद केली होती, पण करार होता बंदरापुरता. आत रानात कागद कोण वाचणार? मेरी बाळांना उचलून घरी आणू लागली. काही वाचली, बरीच गेली. वाचलेल्यांपैकी एक जेनी. १८८३ मध्ये मेरी आजारी होऊन मायदेशी गेली तेव्हा या छोट्या मुलीला घेऊन गेली आणि ती पुढे आयुष्यभर तिची लेक होऊन राहिली. तुमच्या-माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही मुले जगवायची तर सांभाळायला घर हवे आणि मोठी करायची तर शिकवायला हवे. मेरीच्या शाळेचा पहिला पट असा भरला. ज्यांना कुठल्याही शाळेने घेतले नसते, अशी मुले.

१८८६ च्या आरंभी आई गेल्याचे कळले, तीन महिन्यांनी धाकटी बहीणही. पत्र लिहावे असे मायदेशी कुणी उरले नाही. पैसे पाठवायलाही कुणी उरले नाही. मग तिने मिशनकडे ओकोयाँगला जाऊ देण्याचा हट्ट धरला. बंदरापासून आत, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या या मुलखात बाहेरचा माणूस टिकत नव्हता. गावागावांत वैरे, प्रत्येक पुरुषाच्या हातात हत्यार, आणि व्यापार म्हणजे दारू, बंदुका आणि साखळ्या. ४ ऑगस्ट १८८८ रोजी, धो धो पावसात, क्रीक टाऊनच्या राजा एयोने दिलेल्या होडीतून ती पाच मुलांना घेऊन निघाली. होडीतून उतरून चिखलाच्या रानवाटेने चालत एकेन्गे गावात पोचली. मुले रडताहेत, सामानाचा पत्ता नाही, हमाल होडीतच झोपलेले. पोरांना निजवून ती अंधारात अनवाणी परत गेली आणि हमालांना उठवून आणले.

एकेन्गेचा प्रमुख एडेम. त्याच्या वाड्याच्या अंगणात, त्याच्या बायकांच्या खोल्यांशेजारी, तिला एक मातीची खोली मिळाली. एडेमची विधवा बहीण मा एमे ही अंगापिंडाने भरदार, मनाने मोठी बाई होती. ती शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही. पण गावात काही भयंकर शिजते आहे असे दिसले की ती औषधाची रिकामी बाटली भरून आणायला म्हणून माणूस मेरीकडे पाठवी. तो इशारा असे. ओकोयाँगमधल्या निम्म्या सुटका या बाटलीने झाल्या. मिशनच्या पुस्तकांत मा एमे कोपऱ्यात उभी असते. माझ्या मते ती मधोमध असायला हवी होती.

एकेन्गे आणि जवळच्या इफाको या दोन गावांत शाळा सुरू झाली. इमारत नव्हती, वाड्याचे अंगण होते. आणि पट पाहावा तर सगळे गाव! प्रमुख, स्वतंत्र माणसे, गुलाम, बायका, पोरे, सगळे मुळाक्षरांपासून सुरू करणारे. गुलाम आणि मालक एकाच मातीवर बसून एकच अक्षर गिरवताहेत, हे त्या मुलखाने कधी पाहिले नव्हते. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर मोठ्यांचा उत्साह ओसरला, पोरे टिकली. रात्रशाळेत हेच होते. पहिल्या आठवड्याला गर्दी, दिवाळीनंतर निम्मी बाके रिकामी. उरतात ती खरी.

पण अंगणात अक्षर शिकवायचे आणि त्याच अंगणात माणसे मारली जायची, याला काय करायचे? १८८९ मध्ये एडेमचा मुलगा एतिम आपले घर बांधताना अंगावर ओंडका पडून जखमी झाला आणि दोन आठवड्यांनी गेला. तरुण माणूस आपोआप मरत नाही, कुणीतरी चेटूक केले, हा तिथला ठाम समज. डझनभर माणसांना साखळ्या घालून आणले. आता त्यांना एसेरे नावाची विषारी बी खायला द्यायची, निर्दोष असेल तो ओकून जगेल. मेरीने वाद घातला नाही. तिने प्रेताला असा मान दिला की तसा त्या मुलखात कुणाला मिळाला नव्हता. स्कॉटलंडहून दानात आलेल्या पेट्यांतले सगळ्यात भपकेदार कपडे काढले, एतिमला चढवले, डोक्याला रेशमी फेटा, त्यावर पिसांची टोपी, वर छत्री, हातात काठी, आणि समोर आरसा ठेवला, म्हणजे त्याला आपले वैभव पाहता यावे. लोक पाहून नाचू लागले. मग ती कैद्यांजवळ जाऊन बसली. रात्रंदिवस, पाळीपाळीने. तिच्यासाठी घर बांधायला नुकताच आलेला स्कॉटिश सुतार चार्ल्स ओव्हन्स आल्या आल्या या पहाऱ्यात सापडला. एक एक करून माणसे सुटली. शेवटी एतिमबरोबर पुरली गेली ती फक्त एक गाय.

हा ओव्हन्स तिच्या मनात एक विचार पेरून गेला असावा. ती पाहत होती की रिकामा हात दारूकडे किंवा तलवारीकडे जातो. तिने ओकोयाँगच्या प्रमुखांना याम कंद आणि पामतेल घेऊन, शस्त्रे घरी ठेवून, राजा एयोच्या भेटीला नेले. निघताना होडीत तलवारी लपवलेल्या सापडल्या तेव्हा तिने त्या पाण्यात भिरकावल्या, असे सांगतात. व्यापार सुरू झाला, सौदा दारूऐवजी कापडभांड्यांचा होऊ लागला, आणि ज्यांना शेतात माल पिकवायचा होता त्यांना लढाईला सवड मिळेना. मग तिने मिशनच्या मासिकाला पत्र लिहिले. नुसते वाचन आणि प्रार्थना पुरत नाही, हाताला काम शिकवणारी शाळा हवी, हा त्याचा आशय. इतरांनीही ते लावून धरले आणि १८९५ मध्ये कॅलाबारला होप वॉडेल प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सुतारकाम, शिवणकाम, छपाई आणि त्याबरोबर रीतसर शालेय शिक्षण. पुढे नायजेरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला न्नामदी अझिकिवे काही काळ याच शाळेत शिकला. एकेन्गेच्या अंगणातून निघालेली वाट तिथवर गेली. ती सगळी मेरीने आखली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण तिच्या पत्राचा धक्का त्यात होता.

याच काळात तिच्या आयुष्यात एक लग्न येऊन गेले. चार्ल्स मॉरिसन हा ड्यूक टाऊनला मिशनचा शिक्षक, तिच्याहून अठरा वर्षांनी लहान, वाचनाचा नादी. १८९१ मध्ये दोघांचे ठरले. तिची अट एकच, त्याने ओकोयाँगला यावे. त्याच्या प्रकृतीचे कारण देऊन मिशनने नकार दिला. शाळा सोडून ती बंदरावर जाईना. लग्न मोडले. तिने याविषयी फार बोलून ठेवलेले नाही, आपणही बोलू नये.

१८९२ मध्ये सर क्लॉड मॅकडोनाल्डने तिला ओकोयाँगची उपवकील नेमले. ब्रिटिश साम्राज्यात अशा पदावर बसलेली ती पहिली स्त्री मानली जाते. पुढे १९०५ मध्ये इकोत ओबाँगच्या न्यायालयाची ती उपाध्यक्ष झाली. झुलत्या खुर्चीत, मांडीवर एखादे बाळ घेऊन ती निवाडे करी. न्याय कायद्याच्या पुस्तकाला धरून असेच, असे नाही. परित्यक्ता बाई आली की काटा तिच्याकडे झुके, आणि उद्धट प्रमुखाच्या कानाखाली बसल्याचेही दाखले आहेत. १८९५ साली प्रवासी लेखिका मेरी किंग्जली तिच्याकडे राहून गेली. मिशनऱ्यांवर टीका करणारी ही बाई मेरी स्लेसरची मात्र चाहती झाली. दोघींचे मत जुळत नव्हते, गप्पा मात्र रात्र रात्र चालत.

आता धर्माचा हिशेब. ओकोयाँगमध्ये आल्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०३ साली, तिथे पहिला प्रभुभोजनाचा विधी झाला आणि सात जणांचा बाप्तिस्मा झाला. पंधरा वर्षांत सात! मिशनच्या खतावणीत हा आकडा बसवायला अवघडच. पण तोवर त्या मुलखात विषाच्या बीचा निवाडा मागे पडला होता, जुळी पोरे तिच्या घरात जगत होती आणि होड्या बाजाराला जात होत्या. मला हा आकडा तिच्या बाजूचा पुरावा वाटतो. शाळेत बसायला कुणालाही आधी देव बदलावा लागला नाही.

पण तिच्या विरुद्धचा पुरावाही मांडायला हवा. १९०१-०२ मध्ये इंग्रजांनी एन्याँग खाडीपलीकडच्या अरो लोकांवर फौज पाठवली, त्यांचे अरोचुक्वूचे देवस्थान उद्ध्वस्त केले. त्या देवस्थानाच्या नावावर गुलामांचा व्यापार चाले, हे खरे. पण तोफेने उघडलेली वाट ही तोफेनेच उघडलेली असते. १९०३ पासून मेरी याच वाटेने आत गेली. त्या गावांना अक्षर हवेसे वाटले त्यात सरकारी कागद, न्यायालय आणि नवी सत्ता यांचा धाक किती आणि ओढ किती, हे वेगळे काढता येत नाही. तिला स्वतःला या प्रश्नाने त्रास झालेला दिसत नाही. मला होतो. तरीही पुढे जे घडले ते पाहिल्यावर माझ्याने नुसता निषेध करवत नाही.

कारण इथे शाळा वाढली ती वेगळ्याच तऱ्हेने. इतू या नदीकाठच्या बाजारगावी तिने आपल्या घरात वाढलेली मना ही मुलगी आणि दोन तरुण यांना ठेवले. मना एके काळची गुलाम पोर. ती शिक्षिका झाली. गोरा मिशनरी नाही, इमारत नाही, अनुदान नाही. खाडीच्या दोन्ही काठांवरून बोलावणी येऊ लागली. ओनोयोम नावाच्या प्रमुखाने स्वतःच्या पैशाने प्रार्थनाघर उभारले. इक्पे नावाच्या दूरच्या गावाहून तरुण चालत आले, आम्ही जागा बांधून ठेवली आहे, शिकवायला कुणी द्या, म्हणून. ती जायची, पंधरा दिवस राहायची, बाराखडी लावून द्यायची, आणि मागे उरायचा एखादा अर्धवट शिकलेला पोरगा, जो आपल्याला येते तेवढे इतरांना शिकवायचा. एडिनबरोच्या मंडळींना ही पद्धत घाईची वाटे. शिक्षकाला पुरते तयार केल्याशिवाय वर्ग काढू नये, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण अर्ध्या दिवसाच्या शाळेत शिकलेल्या बाईला अर्धवट शिकलेल्या मास्तराची भीती वाटावी कशी? आपल्याला येते ते आज सांगावे, उद्याचे उद्या शिकून घ्यावे, हेच ती डंडीच्या मागावर करत आली होती.

तिच्या शेवटच्या वर्षांत चालणे जड झाले. तेव्हा चाकांवरच्या खोक्यात बसून, मुलांकडून ओढून घेत ती गावोगाव जाई. उसे या गावी तिने टाकलेल्या बायकांसाठी आणि जुळ्यांच्या आयांसाठी वसतीचा बेत मांडला. फळझाडे, भाजीपाला, टोपल्या विणणे, म्हणजे कुणाच्या दयेवर राहावे लागू नये. १९१३ मध्ये सेंट जॉन संस्थेचे रुपेरी पदक तिला कॅलाबारला समारंभाने दिले गेले. समारंभात ती संकोचून गेली आणि लवकरात लवकर आपल्या मातीच्या घरी परतली.

१९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटल्याची बातमी आली, ती तिने मनाला लावून घेतली. जानेवारीत ताप पुन्हा आला. १३ जानेवारी १९१५ च्या पहाटे, उसेच्या त्या मातीच्या खोलीत, जेनी आणि इतर मुली भोवती असताना ती गेली. वय सहासष्ट. देह नदीमार्गे कॅलाबारला नेला आणि ड्यूक टाऊनच्या टेकडीवर पुरला. दफनाला जमैकाहून आलेली जुनी सहकारी मा फुलर कबरीजवळ बसून होती.

राणी एलिझाबेथ १९५६ च्या नायजेरिया दौऱ्यात या कबरीवर फुले वाहून गेली. कॅलाबारमध्ये एका मोठ्या रस्त्याला मेरी स्लेसरचे नाव आहे. त्याच गावात होप वॉडेलची शाळा आजही भरते.